घटक ४ : पंडित विष्णु नारायण भातखंडे – मुद्रित पानावरचा स्वर

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• पंडित भातखंडे यांच्या जीवनकार्याचा आलेख स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.
• त्यांच्या स्वरलेखन-पद्धतीतील चिन्हे आणि पानाच्या मांडणीचे संकेत स्पष्ट करता येतील.
• लिपी आणि स्वरलिपी यांच्यातील साम्य व भेद सांगता येतील.
• मौखिक परंपरा मुद्रित झाल्यावर काय हाती येते आणि काय निसटते, याची चर्चा करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मराठी भाषेच्या अभ्यासक्रमात एका संगीतशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की भातखंडे यांचा सर्वांत विस्तृत ग्रंथ मराठी गद्यात आहे. हिंदुस्थानी संगीताचे आधुनिक शास्त्र प्रथम मराठी वाक्यांत मांडले गेले आणि नंतर हिंदीतून देशभर पसरले. दुसरे उत्तर भाषाविज्ञानाशी निगडित आहे. भातखंडे यांनी सोडवलेला प्रश्न मूलतः लेखनाचा होता. कानाने घेतलेली गोष्ट डोळ्यांसाठी कशी मांडावी, थोडक्या चिन्हांत अधिकात अधिक अर्थ कसा बसवावा आणि ती चिन्हे छापखान्यात कशी जुळवावीत, असे ते प्रश्न होते. प्रत्येक लिपीला तिच्या इतिहासात याच प्रश्नांना सामोरे जावे लागले आहे.

चिन्हाच्या जागेला किती महत्त्व असते, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून पाहा. मध्य रेल्वेवरील ‘कांजूरमार्ग’ या स्थानकाचे नाव घ्या. या नावातील ‘का’वरचा अनुस्वार गळला तर ‘काजूरमार्ग’ उरतो आणि वाचणारा क्षणभर थबकतो. एक ठिपका, तोही अक्षराच्या बाहेर, रेघेच्या वर! परंतु त्यावर शब्दाची ओळख अवलंबून आहे. तोच ठिपका अक्षराच्या खाली दिला, तर मराठी वाचकाला त्याचा अर्थ लागणार नाही. ठिपक्याची जागा हाच ठिपक्याचा अर्थ असतो. हे तत्त्व लक्षात ठेवून आता चरित्राकडे वळू.

४.३ पूर्वायुष्य आणि शिक्षण

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. शालेय वयापासूनच त्यांना गाण्याची आणि बासरीची ओढ होती. पुढे वल्लभदास यांच्याकडे त्यांनी सतारीचे शिक्षण घेतले. मात्र संगीत हा त्या काळी सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणाचा व्यवसाय नव्हता. भातखंडे यांनीही रूढ मार्गच धरला. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली.

याच वर्षांत त्यांच्या जीवनाचा दुसरा प्रवाह वाहू लागला होता. १८७० मध्ये पारशी समाजातील संगीतप्रेमींनी मुंबईत ‘गायन उत्तेजक मंडळी’ ही संस्था स्थापन केली होती. भातखंडे १८८४ मध्ये तिचे सभासद झाले. तेथे त्यांना रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदांची आणि अली हुसेन यांच्यासारख्या उस्तादांकडून ख्यालांची तालीम मिळाली. शेकडो चिजा त्यांनी मुखोद्गत केल्या. वकिलाला पुरावा तपासण्याची सवय असते. एकच राग दोन गायक वेगवेगळ्या तऱ्हेने गातात आणि दोघेही आपलाच प्रकार शुद्ध मानतात, हे पाहिल्यावर त्या सवयीने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. संस्कृत संगीतग्रंथांत रागांची जी लक्षणे दिली होती, ती प्रत्यक्ष गायनाशी जुळत नव्हती. शास्त्र एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे, अशी ही स्थिती होती.

१९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि १९०३ मध्ये त्यांची मुलगीही गेली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि उर्वरित आयुष्य संगीताच्या अभ्यासाला वाहिले. तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते.

४.४ प्रवास आणि संकलन

१९०४ मध्ये भातखंडे दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा अशी ठिकाणे करीत ते एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. दीक्षितर यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी तेलुगू लिपीत प्रसिद्ध झाला. त्यात कर्नाटक संगीतातील रचना गमकांच्या चिन्हांसह स्वरलिपीत छापल्या होत्या. एक पिढीजात परंपरा पुस्तकाच्या पानावर कशी उतरू शकते, याचे ते ताजे उदाहरण होते. व्यंकटमखी यांच्या बहात्तर मेळांच्या व्यवस्थेचा परिचयही भातखंडे यांना याच प्रवासात अधिक जवळून झाला. उत्तरेतील राग पुढे त्यांनी दहा थाटांत विभागले, त्यामागे या व्यवस्थेची प्रेरणा होती.

नंतरच्या वर्षांत त्यांनी उत्तर आणि पूर्व हिंदुस्थानात प्रवास केले. ग्रंथसंग्रहांतील हस्तलिखिते पाहिली, पंडितांशी चर्चा केल्या, दरबारी कलावंतांचे गाणे ऐकले. रामपूरच्या दरबारातील वजीर खाँ, जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र यांच्यासारख्यांकडून त्यांनी चिजा मिळवल्या.

येथे क्षणभर थांबून या देवघेवीचे स्वरूप समजून घ्या. उस्तादांच्या घराण्यात चीज ही मालमत्ता असे. ती मुलाला किंवा गंडाबंध शिष्याला मिळे, कधी कन्येच्या विवाहात दिली जाई, आणि अनेकदा धन्याबरोबरच मातीआड होई. शिकवणी आणि दरबारची चाकरी यांवर ज्यांचे पोट होते, त्यांनी आपला ठेवा जपावा यात नवल नव्हते. उलट, ज्या विद्यार्थ्याला गुरू परवडत नव्हता, ज्या मुलीला उस्तादाकडे पाठवण्याची घरच्यांची तयारी नव्हती, त्यांच्यासाठी हा ठेवा कायमचा बंद होता. भातखंडे चीज कागदावर उतरवत होते, तेव्हा ते एकाच वेळी तिचे रक्षण करीत होते आणि तिच्यावरील घराण्याची मालकी सैल करीत होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चरित्राच्या अभ्यासकाने त्यांपैकी एकही नजरेआड करू नये.

४.५ ग्रंथकर्ता भातखंडे

१९०९ मध्ये ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर कर्त्याचे नाव ‘चतुर पंडित’ असे होते. पाठोपाठ १९१० मध्ये ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथाचा पहिला भाग निघाला. तो ‘विष्णुशर्मा’ या नावाने लिहिलेला होता. त्यात चतुर पंडिताचा उल्लेख एखाद्या तिऱ्हाइताप्रमाणे येतो. चार भागांच्या या ग्रंथाचा शेवटचा भाग १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठीच्या विद्यार्थ्याने या ग्रंथाच्या रूपाकडे विशेष लक्ष द्यावे. तो संवादरूप आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा उलट प्रश्न करतो. तोंडी शिकवणीची बैठक छापील पानावर टिकवण्याचा हा प्रयत्न होता. पुस्तक समोर धरून एकट्याने शिकणाऱ्या वाचकाच्या शंका आधीच ओळखून त्यांना जागा देणे, हे त्या गद्याचे वैशिष्ट्य होय. तुम्ही ज्या पद्धतीने हे पुस्तिकारूप शिक्षण घेत आहात, तिच्याशी त्याचे नाते सहज जुळते.

१९२० च्या आसपास ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सुरू झाली. सहा भागांच्या या मालिकेत सुमारे १८०० चिजा स्वरलिपीसह आहेत. भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी भातखंडे यांच्या ग्रंथांच्या प्रकाशनाची जबाबदारी उचलली. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती भातखंडे पोहोचतात ते मुख्यतः या मालिकेतूनच. म्हणून तिच्या पानाची रचना आता बारकाईने पाहू.

४.६ स्वरलिपीचे पान

छापील संगीताचा प्रश्न युरोपलाही सोपा गेला नव्हता. १५०१ मध्ये व्हेनिस येथे ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने सुट्या खिळ्यांनी संगीताचे पुस्तक छापले. त्यासाठी एकच कागद तीनदा यंत्रात घालावा लागे : एकदा पाच रेघांसाठी, एकदा स्वरचिन्हांसाठी आणि एकदा शब्दांसाठी. तिन्ही छाप तंतोतंत जुळले नाहीत तर स्वर चुके. ही पाच रेघांची पद्धत हिंदुस्थानी संगीतासाठी स्वीकारावी, असा आग्रह धरणारे लोक भातखंडे यांच्या काळात होते. त्यासाठी वेगळे खिळे, वेगळे जुळारी आणि वेगळ्या लिपीची साक्षरता हवी होती.

भातखंडे यांनी दुसरा मार्ग घेतला. वाचकाला जी लिपी येते, तीच स्वरलिपीचा पाया करावयाची. सा, रे, ग, म, प, ध, नि ही सात नावे देवनागरीत लिहावयाची आणि जेथे शुद्ध स्वर असेल तेथे काहीही चिन्ह द्यावयाचे नाही. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत, सामान्य रूप अचिन्हित आणि विशेष रूप सचिन्हित ठेवावयाचे. प्रमुख संकेत असे आहेत :

• कोमल स्वर : अक्षराखाली आडवी रेघ. ही रे, ग, ध, नि यांनाच येते.
• तीव्र मध्यम : ‘म’च्या माथ्यावर उभी रेघ.
• मंद्र सप्तक : अक्षराखाली ठिपका. तार सप्तक : अक्षरावर ठिपका. मध्य सप्तकाला चिन्ह नाही.
• एका मात्रेत अनेक स्वर : त्या स्वरांच्या खाली एकच अर्धचंद्राकृती कंस.
• मींड : स्वरांच्या वर कमान.
• कणस्वर : मुख्य स्वराच्या डोक्याशी लहान अक्षर.
• स्वर लांबवणे : आडवी छोटी रेघ. शब्दातील अक्षर लांबवणे : अवग्रह (ऽ).
• कंसातील स्वर : वरचा स्वर, मूळ स्वर, खालचा स्वर, पुन्हा मूळ स्वर असा झटपट समूह. उदा. (प) म्हणजे ध प म प.

तालाची खूण ओळीच्या तळाशी असते. समेला फुली (×), खालीला शून्य (०), इतर टाळ्यांना २, ३ असे अंक. विभाग उभ्या दंडांनी वेगळे केलेले असतात. त्रितालाचा ठेका या पद्धतीने असा मांडता येतो :

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा
येथे पहिल्या विभागाखाली ×, दुसऱ्याखाली २, तिसऱ्याखाली ० आणि चौथ्याखाली ३ येतो.

चिजेच्या पानावर सर्वांत वर स्वरांची ओळ, तिच्याखाली शब्दांची ओळ आणि त्याखाली तालखुणा असतात. प्रत्येक मात्रेला सारखी जागा दिलेली असते. म्हणजे पानावरची रुंदी हाच काळ ठरतो. जी चीज नवव्या मात्रेपासून उठते, तिची ओळही खालीपासूनच सुरू केली जाते आणि खुणांचा क्रम ०, ३, ×, २ असा लागतो. त्यामुळे सम ओळीच्या मध्यावर येते आणि मुखडा समेकडे कसा झेपावतो, हे डोळ्यांना दिसते. ही मांडणी सजावटीसाठी नाही. तीच चिजेचे व्याकरण सांगते.

आणखी एक साम्य नोंदवण्याजोगे आहे. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्त स्वराखाली आडवी रेघ आणि स्वरितावर उभी रेघ देतात. अर्थ निराळा असला, तरी अक्षराच्या खाली आडवी आणि वर उभी रेघ ही योजना देवनागरी वाचकाच्या परिचयाची होती. शिवाय वर मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार अशी तिमजली रचना जुळवण्याची सवय मराठी जुळाऱ्याच्या हातांना होतीच. ही स्वरलिपी आपल्याकडे सहज रुजली, त्याचे एक कारण येथे आहे.

४.७ समकालीन पर्याय : पलुस्कर यांची पद्धती

त्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनीही स्वतःची स्वरलिपी तयार केली. १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीची पुस्तके छापली आणि त्यासाठी स्वतःचा छापखानाही चालवला. त्यांच्या पद्धतीत मंद्र स्वरावर ठिपका आणि तार स्वरावर उभी रेघ येते. समेसाठी १ हा अंक आणि खालीसाठी अधिकचिन्ह येते. प्रत्येक स्वराची कालमर्यादा दाखवणारे चिन्ह त्या स्वराखाली स्वतंत्रपणे दिले जाते. लयीच्या सूक्ष्म अंशांसाठी ती अधिक काटेकोर आहे. मात्र चिन्हे अधिक असल्याने ती जुळवणे आणि वाचणे अधिक कष्टाचे होते.

आता तुलना करा. भातखंडे यांच्या पानावर अक्षरावरचा ठिपका तार सप्तक सांगतो, पलुस्करांच्या पानावर तोच ठिपका मंद्र सप्तक सांगतो. कोणते पुस्तक हाती आहे हे न पाहता वाचणारा विद्यार्थी दोन सप्तके चुकेल. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, हे भाषाविज्ञानातील पहिले तत्त्व याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल. आज संगीताच्या परीक्षांसाठी दोन्ही पद्धती अभ्यासल्या जातात, परंतु प्रचारात भातखंडे-पद्धतीच अधिक आहे.

४.८ संस्थात्मक कार्य आणि अखेर

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे भातखंडे यांची योजना होती. पंडित आणि उस्ताद एकत्र बसवून रागांची रूपे निश्चित करावीत, हा त्यांचा हेतू होता. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ येथेही परिषदा झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेर येथे माधवराव शिंदे यांच्या सहकार्याने संगीत विद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेजची स्थापना झाली. पुढे हीच संस्था भातखंडे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथील प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले.

अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने भातखंडे अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. क्रमिक पुस्तक मालिकेचा शेवट त्यांना छापील रूपात पाहता आला नाही. अखेरचे भाग त्यांच्या मागे शिष्यवर्गाने प्रसिद्ध केले. नंतर हाथरस येथील संगीत कार्यालयाने त्यांचे ग्रंथ हिंदीत आणले.

४.९ मूल्यमापन

भातखंडे यांच्यावर झालेल्या टीकेचे दोन मुख्य मुद्दे आहेत. पहिला असा, की स्वरलिपी गाण्याचा केवळ सांगाडा देते. आंदोलन, गमक, आवाजाचा लगाव आणि बढत यांतले फार थोडे पानावर येते. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो कोणत्याही लिपीला लागू पडतो. मराठीत ‘चहा’ आणि ‘चाक’ या शब्दांतील ‘च’ वेगवेगळे आहेत, पण आपण ते एकाच अक्षराने लिहितो. मराठीभाषक वाचक उरलेले कानाच्या स्मृतीतून भरून काढतो. स्वरलिपीही अशीच ज्याच्या कानावर गाणे पडले आहे, त्याला उपयोगी पडते. ज्याने ऐकलेलेच नाही, त्याला ती पुरेशी नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या उस्तादांच्या कंठातून हा ठेवा आला, त्यांना शास्त्र कळत नाही असे मानण्याकडे भातखंडे यांचा कल होता. कंठातील ज्ञान आणि ग्रंथातील ज्ञान यांत ग्रंथातील ज्ञानाला वरचे स्थान देणे, हा त्यांच्या सुशिक्षित वर्गाचा पूर्वग्रह होता. त्यांच्या पुस्तकांतून शिकणाऱ्याने त्या गायकांचे ऋण विसरता कामा नये. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे, की या पुस्तकांअभावी अनेक चिजा आज ऐकावयास मिळाल्या नसत्या.

हा प्रश्न जुना झालेला नाही. आज तुम्ही मोबाइलवर एखाद्या रागाचे स्वर टाइप करून मैत्रिणीला पाठवले, तर अक्षराखालची रेघ बहुधा वाटेत गळून पडते. भैरव थाटात रे आणि ध कोमल असतात. त्यांच्या दोन रेघा गळल्या की उरतात ते बिलावल थाटाचे स्वर. कल्याण थाटातील मध्यमाची उभी रेघ गळली, तरी उरतो तो बिलावलच. भैरवी थाटाच्या चार रेघा गळल्या, की पुन्हा बिलावल. चार निरनिराळे थाट एका ओळीत विरून जातात आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून स्वरलिपी पाठवावयाची असेल, तर छापील किंवा हस्तलिखित पानाचे छायाचित्र पाठवावे, अथवा कोमल-तीव्र शब्दांत नमूद करावे. मुद्रितशोधन करताना अक्षरे वाचण्याआधी अक्षरांच्या वरची आणि खालची जागा वाचावी. भातखंडे यांच्या पानावर राग त्या जागेत असतो.

४.१० स्वाध्याय

१. वकिलीच्या शिक्षणाचा भातखंडे यांच्या संशोधनदृष्टीवर कोणता परिणाम झाला, ते १५० शब्दांत लिहा.
२. भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलेखन-पद्धतींतील तीन भेद सांगा.
३. ‘पानावरची रुंदी हाच काळ’ हे विधान त्रितालाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एक ओवी, पाळणा किंवा भजन ऐका. ते लिहून काढताना लिपीत न मावणाऱ्या कोणत्या गोष्टी जाणवल्या, त्यांची यादी करा. ज्यांच्याकडून ऐकले, त्यांचे नाव त्यांच्या संमतीने नोंदवा.